रिकामी खुर्ची नोंदवहीत दिसत नाही

तालुक्याच्या गावातलं ग्रामीण रुग्णालय डोळ्यांपुढे आणा. ओपीडीच्या रांगेपलीकडे, बोळाच्या टोकाला एक छोटी खोली असते. दारावर पाटी असते, 'मैत्री क्लिनिक'. आत टेबल, वजनकाटा, भिंतीवर उंची मोजायची पट्टी, आहाराचा तक्ता आणि किशोरवयीन मुलामुलींशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशक ताई. तपासणी मोफत, सल्ला मोफत. रस्ता ओलांडला की कनिष्ठ महाविद्यालय, आणि तिथे शेकडो मुलं-मुली.

त्यांना अडचणी नाहीत असं कोण म्हणेल? कुणाचं पाळीत इतकं दुखतं की दोन दिवस वर्ग बुडतो. कुणाचा चेहरा पुटकुळ्यांनी भरलाय. कुणाला परीक्षेच्या धास्तीने झोप नाही. कुणी मित्रांच्या नादाने तंबाखूची पुडी धरलीय आणि आता सुटत नाही. आणि रात्री पांघरूण डोक्यावरून ओढून मोबाइलला विचारलेले प्रश्न वेगळेच. तरीही ताईंसमोरची खुर्ची दुपारपर्यंत रिकामी राहते. सेवा आहे, गरज आहे, मधलं अंतर रस्ता ओलांडण्याएवढं. मग मुलं येत का नाहीत?

जो आलाच नाही, त्याला विचारणार कोण?

खानावळीच्या मालकाला आमटी खारट झाली की लगेच कळतं. ताटात उरलेली वाटी त्याला सांगते. पण जो माणूस दारापर्यंत आला, आत डोकावला आणि तसाच पुढे गेला, त्याचं कारण मालकाला कधीच कळत नाही. त्याचं ताटच वाढलं गेलेलं नसतं.

दवाखान्याची नोंदवही अशीच असते. कोण आलं, काय तक्रार होती, कोणती गोळी दिली, सगळं तिच्यात असतं. न आलेल्याचा रकाना तिच्यात नसतो. महिन्याचा अहवाल वर जातो तेव्हा 'या महिन्यात बारा मुलं आली' एवढंच जातं. वर बसलेल्या अधिकाऱ्याला वाटतं, गरजच कमी असेल, किंवा प्रचार कमी पडला असेल. मग आणखी पोस्टर छापली जातात.

आता या मुलांना मोठ्यांनी जाऊन विचारलं, 'का रे येत नाही?' तर उत्तर ठरलेलं, 'काही नाही, वेळ नव्हता.' सोळा वर्षांचं पोर आपल्या आईच्या वयाच्या बाईला, किंवा वडिलांच्या ओळखीच्या डॉक्टरांना, खरं कारण सांगत नाही. ते सांगतं बरोबरीच्याला. तरुण स्वयंसेवकांच्या कामाचं मूळ या साध्या गोष्टीत आहे.

साथिया कोण?

7 जानेवारी 2014 रोजी केंद्र सरकारने 'राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू केला. 10 ते 19 या वयोगटासाठी. 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशात या वयाची 25 कोटींवर मुलं-मुली होती, म्हणजे पाचातलं एक माणूस. त्याआधी सरकारी आरोग्यसेवेची घडी मुख्यतः गरोदर माता आणि लहान बाळांभोवती बसलेली होती. पाच वर्षांचं बाळ लसीकरणाच्या यादीतून बाहेर पडलं की पुन्हा लग्न होऊन बाळंतपणापर्यंत त्या मुलीशी यंत्रणेची फारशी गाठ पडत नसे. मुलाशी तर तेवढीही नाही.

नव्या कार्यक्रमाने दोन गोष्टी जोडल्या. एक, रुग्णालयातली मैत्री खोली. दुसरी, गावातलेच तरुण स्वयंसेवक. त्यांचं नाव साथिया.

*चौकट: साथियाची रचना*
*• साधारण 1000 वस्तीमागे चार साथिया, दोन मुली आणि दोन मुलगे. वय 15 ते 19.*
*• निवड आशाताई आणि गावची आरोग्य समिती करते. प्रशिक्षण सहा दिवसांचं.*
*• प्रत्येकाचा 15 ते 20 जणांचा गट. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. आठवड्याला एक बैठक.*
*• विषय सहा: आहार, प्रजनन आरोग्य, इजा आणि हिंसा, व्यसनं, मानसिक आरोग्य, आणि मधुमेह-रक्तदाबासारखे पुढे जडणारे आजार.*
*• महिन्यातून एकदा सगळे साथिया उपकेंद्रात नर्सताईंना भेटतात. तीन महिन्यांनी गावात किशोर आरोग्य दिवस.*

कागदावर हे काम 'संदेश पोचवणं' असं लिहिलेलं असतं. साथियाने वरून आलेली माहिती मुलांना सांगायची. ते हवंच. पण माझ्या मते त्यांचं अधिक मोलाचं काम उलट दिशेचं आहे. खालची गोष्ट वर नेणं. ते कसं होतं, हे मी एकदा समोर बसून पाहिलं.

रांगोळीतला गाव

शाळेचा व्हरांडा. आठवी ते दहावीच्या सतरा मुली. गटाची साथिया अकरावीत शिकणारी. तिने रांगोळीचा डबा मधे ठेवला आणि म्हणाली, "गाव काढा." मुलींनी आधी देऊळ काढलं, मग शाळा, हापसा, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, उपकेंद्र. भांडत, पुसत, हसत अर्ध्या तासात गाव तयार झालं. मग तिने प्रत्येकीच्या हातात मूठभर चिंचोके दिले. "आता उपकेंद्रात कशा जाता, त्या वाटेवर मांडा."

शाळेतून उपकेंद्राकडे सरळ रस्ता होता, पाच मिनिटांचा. त्यावर एकही चिंचोका पडला नाही. सगळे चिंचोके देवळामागून, गिरणीला वळसा घालून, गावाच्या मागच्या अंगाने गेले. आठ-दहा जणींनी तर मांडलेच नाहीत, मुठीतच ठेवले.

आशाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अगं, इकडून का? समोरून रस्ता आहे की."

"तिथे टपरी आहे ना, ताई."

"टपरीसमोरून तर मी रोज जाते."

"तुम्ही मोठ्या आहात, ताई. तुम्हाला कोणी विचारत नाही, कुठे चाललीस म्हणून."

शाळा पाचला सुटायची. टपरीवर चारपासून माणसं बसायची. कुणाचा काका, कुणाचा चुलतभाऊ. मुलगी उपकेंद्राच्या दारात दिसली की संध्याकाळी घरी प्रश्न ठरलेला, "दवाखान्यात कशाला गेली होतीस?" आणि त्या प्रश्नामागे दुसरा, न विचारलेला. आशाताई बराच वेळ त्या रांगोळीकडे बघत राहिल्या. गेली कित्येक वर्षं त्या या गावात काम करत होत्या. उपकेंद्राच्या वह्या त्यांना तोंडपाठ होत्या. ही टपरी मात्र कुठल्याच वहीत नव्हती.

नकाशाची ही रीत शेतीतल्या शिवारफेरीसारखीच. त्या वाटेने चालणाऱ्यालाच नकाशा काढायला लावायचा, म्हणजे तो आपणहून अडचणीची जागा दाखवतो. 'तुला भीती वाटते का?' असं विचारलं तर मुलगी मान हलवून 'नाही' म्हणेल. चिंचोका मांडताना तिला स्वतःबद्दल काही कबूल करावं लागत नाही.

निळ्या गोळीची तीन दारं

मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी शाळेत मिळते. गरज मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दहातल्या सहा. रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसांतला प्राणवायू उचलून अंगभर पोचवतं, आणि ते बनवायला लोह लागतं. लोह कमी पडलं की हमाल कमी पडल्यासारखं होतं. माल स्टेशनात आहे, घरोघरी जात नाही. मुलगी दोन जिने चढली की धापा टाकते, वर्गात पेंगते, आणि आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही.

गोळी लागू पडायला तिला तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं दार वाटपाचं: गोळी हातात पडली पाहिजे. दुसरं गिळण्याचं. तिसरं शोषण्याचं: आतड्यातून लोह रक्तात गेलं पाहिजे. सरकारी तक्त्यात नोंद होते ती मुख्यतः पहिल्या दाराची. गोळ्या आल्या, गोळ्या वाटल्या, रकाना भरला.

दुसऱ्या दारात काय होतं, ते वर्गातल्या मुलीच सांगू शकतात. काही शाळांत गोळी सकाळच्या परिपाठाला वाटली जाते, कारण तेव्हा सगळ्या मुली एका जागी सापडतात. पण त्या वेळी पोटात चहाशिवाय काही नसतं. रिकाम्या पोटी लोह जठराच्या अस्तराला झोंबतं, मळमळतं. एखादीला उलटी होते आणि अख्खा वर्ग धसका घेतो. शिवाय न शोषलं गेलेलं लोह शौचावाटे बाहेर पडतं आणि शौच काळं होतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर मुलगी घाबरते. तेवढ्यात कुणीतरी पिल्लू सोडतं, ही मुलं न होण्याची गोळी आहे. पुढच्या आठवड्यापासून गोळी जिभेखाली, मग ओढणीच्या टोकात, मग खिडकीबाहेर.

गोळी जेवणानंतर घ्यावी, हे नियमात आधीपासून लिहिलेलं आहे. चुकतं ते वाटपाच्या वेळेत. ही चूक वरून दिसत नाही, कारण आकडे पूर्ण भरलेले असतात. साथियाने गटात विचारलं, 'खिडकीबाहेर कितीजणी टाकतात?' आणि स्वतःचा हात पहिला वर केला, तर बाकीचे हात वर येतात. मग नर्सताईंच्या बैठकीत ती एवढंच सांगते: गोळी दुपारच्या जेवणानंतर द्या, आणि काळ्या शौचाचं आधी सांगा. जादा पैसा लागत नाही. जेवणावर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं आणि लगेच चहा घेतला तर अडतं, हे तिसऱ्या दाराचं ज्ञान तिला प्रशिक्षणात मिळालेलं असतं. तेही तेव्हाच उपयोगी पडतं, जेव्हा दुसरं दार उघडतं.

पंधरा पावलं

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत 'फिफ्टीन स्टेप्स' नावाची पद्धत आहे. तिचं मूळ एका आईच्या बोलण्यात आहे. आजारी मुलीला घेऊन तिला वरचेवर रुग्णालयात जावं लागे. तिचं म्हणणं होतं की वॉर्डात पंधरा पावलं टाकली की इथे मुलीची काळजी कशी घेतली जाईल ते आपल्याला कळतं. त्यावरून रुग्ण, नातेवाईक, कर्मचारी यांचा छोटा गट रुग्णालयात फिरतो आणि काय दिसलं, काय ऐकू आलं, काय वाटलं, ते टिपून ठेवतो.

सतरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी आपल्या रुग्णालयात तीच पावलं टाकून बघा. फाटकाजवळ ओळखीचा रिक्षावाला. मग केसपेपरची खिडकी, आणि आतून प्रश्न, "काय होतंय?" मुलगा पुटपुटतो. "मोठ्याने बोल." मागे रांगेत शेजारच्या काकू उभ्या. तो म्हणतो, "ताप." इथेच निम्मी लढाई हरली, कारण आता कागदावर ताप लिहिला गेला. पुढे बोळात मैत्री क्लिनिकची पाटी, आणि तिला लागून एचआयव्ही तपासणीची खोली. इथल्या बाकावर बसलेलं कुणी पाहिलं तर काय समजेल? खोलीचं दार नीट लागत नाही, पडदा आखूड. आत गेल्यावर ताई कितीही प्रेमळ असोत, त्यांच्यापर्यंत पोचेतो मुलाने खरं न बोलण्याचं ठरवून टाकलेलं असतं.

यातलं जवळपास प्रत्येक पाऊल सुधारता येण्यासारखं आहे. केसपेपरवर फक्त 'मैत्री' असा शिक्का, म्हणजे खिडकीवर तक्रार सांगायला नको. बाक बोळाच्या दुसऱ्या टोकाला. पडद्याला वीतभर कापड. कॉलेज सुटल्यावर तासभर खोली उघडी. हे सुचायला तज्ज्ञ लागत नाही. तिथून ओशाळून परत गेलेलं पोर लागतं.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण गडचिरोलीत आहे. 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंड आदिवासींना विचारलं, तुम्ही रुग्णालयात का येत नाही? उत्तरं डॉक्टरांना सुचली नसती अशी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना राहू देत नाहीत, तिथे आमचा देव नाही. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा, कुटीकुटींचा बांधला गेला, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. आधी विचारलं, मग बांधलं.

शिडीची कुठली पायरी?

मुलांना 'सहभागी' करून घेणं म्हणजे नेमकं काय, यावर रॉजर हार्ट या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्याआधी 1969 मध्ये शेरी अर्नस्टाइन यांनी नागरिकांच्या सहभागाची अशीच शिडी मांडली होती. हार्ट यांच्या मते खालच्या तीन पायऱ्या हा सहभागच नव्हे. मुलांकडून आपल्याला हवं ते वदवून घेणं, त्यांना शोभेसाठी उभं करणं, आणि नावापुरतं व्यासपीठावर बसवणं. जागतिक अमुक दिनाच्या प्रभातफेरीत फलक धरून चालणारी मुलं आठवा. फलकावर काय लिहायचं हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. चौथ्या पायरीपासून खरा सहभाग सुरू होतो: काम मोठ्यांनी ठरवलेलं, पण मुलांना ते का करायचं हे माहीत असतं. त्यावर सल्ला विचारणं, त्यावर एकत्र निर्णय घेणं, आणि शेवटी मुलांनी सुरू केलेल्या कामात मोठ्यांनी साथ देणं.

आपले बहुतेक साथिया चौथ्या पायरीवर उभे आहेत. रांगोळीचा नकाशा पाचवीवर नेतो. सहावीवर जायला मोठ्यांना काहीतरी सोडावं लागतं: वेळ ठरवण्याचा, जागा ठरवण्याचा, पैसे कशावर खर्चायचे ते ठरवण्याचा हक्क. तिथेच अडतं.

ओंजळीतलं पाणी

गटात कळलेली गोष्ट साथियाकडून आशाताईंकडे, तिथून नर्सताईंकडे, मग वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आणि पुढे तालुक्याला जाते. एका ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत पाणी द्यावं तसं, प्रत्येक हातात थोडं सांडतं. 'टपरीमुळे मुली येत नाहीत' याचं वर जाईतो 'मुलींमध्ये जागृतीचा अभाव' होतं.

सांडणं कमी करायचं तर निर्णय घेऊ शकणारा माणूस मुलांसमोर बसला पाहिजे आणि उत्तराची तारीख ठरली पाहिजे. महाराष्ट्राला हे नवीन नाही. 2007 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'लोकाधारित देखरेख व नियोजन' सुरू झालं, आधी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे राज्याच्या समन्वयाचं काम होतं. गावकरी आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यावं लागे. त्या रंगीत पत्रकात 'सोळा वर्षांच्या मुलीला इथे एकटीने येता येतं का?' असा एक प्रश्न घातला आणि त्याचा रंग मुलींनी ठरवला, तर ओंजळीची साखळी कितीतरी आखूड होईल. गावच्या आरोग्य समितीला वर्षाला मिळणाऱ्या दहा हजारांच्या निधीतले थोडे पैसे कशावर खर्चावे, हे मुलांना ठरवू द्यावं असंही मला वाटतं.

नाव नको, गोष्ट आण

या कामात एक जोखीम आहे, ती नीट समजून घ्यायला हवी. मैत्रीण विश्वासाने काहीतरी सांगते. साथियाने ते कुठे न्यायचं? शिकवलं जातं ते असं, की बैठकीत गोष्ट आणायची, नाव आणायचं नाही. 'एक मुलगी' पुरे.

पण 'कुणालाच सांगणार नाही' असं वचनही द्यायचं नाही. 2012 चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकतो. जिवावर बेतणारं काही असेल तर थांबून चालत नाही. म्हणून साथियाने आधीच सांगावं: 'गावात बोलणार नाही, पण तुला धोका असेल तर मोठ्यांची मदत घेऊ.' मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे क्रमांक तिला पाठ असावेत. सतरा वर्षांच्या खांद्यावर एवढं ओझं टाकायचं तर तिला स्वतःला बोलायला समुपदेशक ताई हव्यातच. प्रशिक्षणाचे सहा दिवस त्याला पुरत नाहीत.

आणि मोबदला? साथियासाठी महिन्याला पन्नास रुपयांची तरतूद आहे, तीही वस्तूरूपात. तालुक्याला जाऊन यायचं एसटीचं भाडंही त्यात निघेल असं नाही. बारावी आली की मुलगा शहरात जातो, मुलीचं लग्न ठरतं, आणि दोन वर्षांत शिकलेला हात निघून जातो. निदान जायचं-यायचं भाडं रोख द्यावं, आणि जुन्या साथियाबरोबर नवी साथिया सहा महिने बसावी, एवढं तरी व्हायला हवं.

त्या गावात पुढे काय झालं, ते सांगते. नर्सताईंनी मुलींची बैठक शनिवारी ठेवली. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकराच्या सुमारास सुटते, तेव्हा टपरीवर कुणी नसतं. काही महिन्यांनी साथियाने पुन्हा रांगोळी काढून घेतली. टपरी तिथेच होती, मुलींनी ती चांगली ठसठशीत काढली होती. तिच्यासमोरच्या सरळ रस्त्यावर सहा चिंचोके होते.